स्पर्धेचा विषय परत द्या : वादविवाद समितीला एका सातारकर पालकाचं खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सभासद,
आंतरशालेय वादविवाद स्पर्धा समिती, सातारा

नमस्कार.

पत्र खुलं लिहितोय कारण बंद पाकिटातलं आधी देऊन झालंय. त्याची पोच मिळाली, उत्तर नाही. तुमची नावं मुद्दाम टाकत नाही, साताऱ्यात कोण कुणाला ओळखत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच आणि मला कुणाला टार्गेट करायचं नाहीये. मला फक्त विषय परत पाहिजे.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. यंदा आठवी ते दहावीच्या गटाला तुम्हीच विषय दिला होता, 'लोकशाहीत राजघराण्यांना मानाचं स्थान असावं'. प्रत्येक शाळेचे दोघं, एक अनुकूल एक प्रतिकूल, आणि शेवटी परीक्षकांचे प्रश्न. पत्रक शाळांना गेलं, बाईंनी जोड्या पाडल्या, पोरं कामाला लागली, आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना ग्रुपवर मेसेज पडला, 'काही अपरिहार्य कारणास्तव विषय बदलण्यात येत आहे. नवीन विषय : मोबाईल शाप की वरदान'. खाली हात जोडल्याचे इमोजी. मेसेजनंतर ग्रुप ओन्ली ॲडमिन, म्हणजे कुणी विचारायलाच नको.

अहो, मी शाळेत असताना हाच विषय 'विज्ञान शाप की वरदान' असा होता आणि त्याच्याआधी टीव्ही शाप की वरदान होता, पोरांना त्याची भाषणं युट्यूबवर तयार मिळतात, पाठ केली की काम झालं. राजघराण्यांच्या विषयावर तसं तयार काही मिळत नव्हतं, म्हणून तर पोरांनी डोकं लावलं होतं.

माझा संबंध काय ते पण सांगतो. माझी मुलगी नववीत आहे आणि ती अनुकूल बाजूनं बोलणार होती. अनुकूल, म्हणजे राजघराण्यांना मान असावा या बाजूनं. विषय 'डेंजर' म्हणून तुम्ही काढून टाकलात त्यात पहिला आवाज बंद झाला तो मान द्या म्हणणाऱ्या पोरीचा, हे तुमच्या लक्षात तरी आलं का?

दुसरा संबंध धंद्याचा. माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. साताऱ्यात राजघराण्याबद्दल लोकांना काय वाटतं हे मला पेपरवाल्यांपेक्षा जरा जास्तच कळतं, कारण ते माझ्या कॉम्प्युटरवर रोज येऊन बसतं. वाढदिवस असो, निवड असो, जत्रा असो, डिझाईन सुरू करताना वर डाव्या कोपऱ्यात शिवाजी महाराज, मग राजे, मग पक्षाचे साहेब, मग भाऊ, आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साईज रांग. प्रूफ व्हॉट्सॲपवर टाकलं की पहिला रिप्लाय येतो, 'राजेंचा फोटो वाढवा, जागा नसली तर माझा कमी करा'. स्वतःचा फोटो कमी करा म्हणणारा कार्यकर्ता दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मी तरी बघितलेला नाही! नावाच्या आधीचं 'श्रीमंत छत्रपती' लिहायचं राहून गेलं तर माल परत येतो, नवीन फ्लेक्स माझ्या खर्चानं. निवडणुकीत तर एकाच रात्री एकमेकांच्या विरोधातल्या दोन पॅनलचे बोर्ड माझ्याच मशीनवर निघालेत आणि दोन्हीच्या वर महाराजांचा फोटो एकाच फाईलमधून घेतलेला.

आणि हीच माणसं फ्लेक्स मशीनवर चढला की स्टुलावर बसून चहा पितात आणि यंदा कुणाला पाडायचं ते बिनधास्त बोलतात. राजेंना मुजरा आणि मत दुसरीकडं, यात त्यांना काही वावगं वाटत नाही. कुणाला वाटलं तर ते तुम्हाला.

हे मी नुसतं दुकानातल्या गप्पांवरून म्हणत नाही. २०१९ च्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीतून खासदार झाले, मग राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत याच सातारकरांनी श्रीनिवास पाटलांना निवडून दिलं. पवारसाहेबांची पावसातली सभा तेव्हाचीच. २०२४ ला परत उदयनराजेंना निवडून दिलं, भाजपकडून. शेजारी कोल्हापुरात त्याच निवडणुकीत शाहू छत्रपती काँग्रेसकडून निवडून आले. एक गादी एका बाजूला, दुसरी गादी दुसऱ्या बाजूला, आणि मतदार कुठल्याच गादीचा बांधील नाही, त्या त्या वेळेला बघून ठरवतोय. पाच वर्षांत दोनदा कौल फिरवणाऱ्या गावात नववीच्या पोरांनी पाच मिनिटं बोललेलं लोकांना पचणार नाही असं तुम्हाला वाटलं, याचं मला खरंच नवल वाटतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, कारण सांगितलं नाही. अपरिहार्य म्हणजे काय? पूर आला? परीक्षक आजारी पडले? मी एका सभासदांना रस्त्यात गाठून विचारलं तर म्हणाले 'फोन आला होता'. कुणाचा, तर 'जाऊ द्या ना, वातावरण तापलंय, इलेक्शनचे दिवस'. राजघराण्यातल्या कुणी यावर हरकत घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, त्या सभासदांनीही तसं म्हटलं नाही. म्हणजे वाड्यावरून काही नाही, कुणीतरी मधल्यामधे वाड्याची काळजी वाहिली आणि तुम्ही त्या मधल्या माणसाला घाबरलात. मला तर शंका येते की तुम्ही ज्यांच्या मानासाठी हे केलं त्यांना या स्पर्धेची कल्पनाही नसेल.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पोरांना तयारी करून देणाऱ्या बाईंना बोलावून 'विषय तुम्हीच सुचवला होता ना' असं विचारलं गेलं. विषय छापील पत्रकात समितीच्या सहीनं आलाय. सुचवला कुणी का असेना, मंजूर तुम्ही केला. फोनचं ओझं पगारी बाईंच्या डोक्यावर ठेवू नका, त्या काही बोलणार नाहीत म्हणून मी बोलतोय.

तिसरी, आणि यावर मी जरा लांब लिहिणार आहे, या विषयाला तुम्ही साताऱ्याला न शोभणारा ठरवलंत. सातारा आहे काय मुळात? १७०७ ला औरंगजेब वारला, शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादी कुणाची यावर त्यांच्या चुलती ताराराणी आणि ते समोरासमोर उभे राहिले. खेडला लढाई झाली, तिथं धनाजी जाधव ताराराणींची बाजू सोडून शाहू महाराजांकडं आले. कोण खरा वारस हा प्रश्न तेव्हा घराघरात चघळला गेला असणार, सरदारांनी बाजू निवडल्या, बदलल्या. मग १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक, आणि भांडण पूर्ण मिटायला १७३१ चा वारणेचा तह यावा लागला, वारणा नदी हद्द ठरली, अलीकडं सातारा पलीकडं कोल्हापूर. आपली गादीच वादातून उभी राहिली आणि आपण म्हणायचं वाद नको?

पुढं बघा. १८३९ ला इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, चौदा वर्षं तिथं अर्ज, निवेदनं, सभा करत राहिले, राजाच्या बाजूनं पण भर सभेत, पुरावे मांडून. महाराज १८४७ ला काशीतच वारले. पुढच्या वर्षी डलहौसीनं दत्तक नामंजूर करून सातारचं राज्य खालसा केलं. इथं एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते, ती माझ्या पोरीनं वहीत लाल पेनानं लिहून ठेवलीये. १९४७ ला कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, जत ही संस्थानं होती, त्यांच्या राजांशी सरकारनं करार केले, तनखे म्हणजे दरवर्षी सरकारनं द्यायचे पैसे ठरले. सातारचं राज्य तर त्याच्या शंभर वर्षं आधीच गेलेलं. म्हणून १९७१ ला इंदिरा गांधींनी २६ वी घटनादुरुस्ती करून राजांचे तनखे आणि मान्यता काढली तेव्हा सातारच्या गादीचं त्यात काहीच गेलं नाही. सरकारी कागदावर नव्हतंच तर जाणार काय? तरी लोक वाकतात. पोरीचा मुद्दा असा होता की हा मान कायद्यानं दिलेला नाही म्हणून कायद्यानं काढताही येत नाही, तो लोकांच्या मनातला आहे. पावणेदोनशे वर्षं सत्तेशिवाय टिकलेला मान आहे हा, आणि तुम्हाला वाटतं शाळेच्या हॉलमधल्या माईकनं त्याला धक्का लागेल.

ती औंधवर पण बोलणार होती. आमचं मूळ गाव औंध संस्थानातलं, आमचे आजोबा पंतांचा, म्हणजे औंधच्या राजांचा, विषय निघाला की जागचे उठून नमस्कार घालायचा बेत करायचे, म्हणजे सूर्यनमस्कार, पंतांना त्याचं वेड होतं ना. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ ला स्वतःच्या अधिकारांवर पाणी सोडून संस्थानात घटना आणली, गांधीजींच्या सल्ल्यानं, पंचायतींच्या हातात कारभार दिला. देश स्वतंत्र व्हायच्या आधी! लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याला जागा दिली ती त्यांनीच, किर्लोस्करवाडी उभी राहिली. आटपाडीला कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, ती पण तिथलीच. आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ठाणं असलेलं कुंडल हे औंध संस्थानातलंच गाव. एकीकडं राजा राज्य सोडतोय आणि त्याच मुलखात शेतकऱ्यांची पोरं इंग्रजांना न जुमानता स्वतःची न्यायालयं चालवतायत, दारूबंदी करतायत, बिनखर्चाची लग्नं लावतायत. त्याच नाना पाटलांना १९५७ ला साताऱ्यानं लोकसभेत पाठवलं, लाल बावट्यावर. हे सगळं आमचंच आहे, राजे पण आमचे आणि प्रतिसरकार पण आमचंच.

आता तिच्या जोडीदाराबद्दल, म्हणजे प्रतिकूल बाजूनं बोलणारा मुलगा. तोच तुम्हाला धोक्याचा वाटला असणार. त्याची तयारी मी बघितलीये, दुकानातच दोघं बसायची रविवारी. त्याची सुरुवात जुन्या राजवाड्यापासून होती. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, आजही तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. राजाच्या वाड्यात बसून शिकलेल्या पोरानं पुढं जी घटना लिहिली तिच्या १८ व्या कलमात सरकारनं कुणाला किताब द्यायचे नाहीत असं आहे, सैन्यातले आणि शिक्षणातले सोडून. मला सांगा, यात कुणाचा अपमान झाला? मला तर ऐकताना अभिमान वाटला, दोन्हीचा.

मग तो नेपाळवर जायचा. २००५ ला राजा ज्ञानेंद्रनं सत्ता स्वतःच्या हातात घेतली, २००६ ला लोक रस्त्यावर उतरले, २८ मे २००८ ला संविधान सभेनं राजेशाहीच संपवली. माझी पोरगी लगेच उलटं विचारायची, मग २०२५ च्या मार्चमध्ये काठमांडूत त्याच ज्ञानेंद्रच्या स्वागताला हजारो लोक का आले? तो म्हणायचा, राजा चांगला म्हणून नाही, पुढाऱ्यांना कंटाळले म्हणून. ती म्हणायची, बरं, मग भूतान घे, तिथं राजानंच २००८ ला लोकांना मतदान दिलं, लोक नको नको म्हणत असताना. एकाच वर्षी हिमालयातल्या दोन देशांत एक राजा लोकांनी काढला आणि एका राजानं स्वतःहून अधिकार सोडले. मी माऊस सोडून ऐकत बसायचो, गिऱ्हाईक उभं असायचं. ते गिऱ्हाईक पण ऐकायचं आणि मधेच स्वतःचं मत घालायचं, आणि एकानंही 'पोरांनो हा विषय बंद करा' म्हटलं नाही, त्यात गळ्यात पक्षाचा पट्टा घातलेले पण होते.

थायलंडचा मुद्दा मुलानं शेवटी ठेवला होता. तिथं राजाबद्दल वाईट बोललं तर ११२ कलमाखाली ३ ते १५ वर्षं शिक्षा होऊ शकते. २०२३ ला निवडणुकीत सगळ्यात जास्त जागा जिंकलेल्या पक्षानं हे कलम सौम्य करू म्हटलं, तर २०२४ ला कोर्टानं तो पक्षच बरखास्त केला. निम्मा देश राजाला देवासारखा मानतो, तरुण पोरं प्रश्न विचारतात, आणि मधे हे कलम उभं, त्यामुळं खरं कुणाच्या मनात काय आहे तेच कळायचा मार्ग नाही. आपल्याकडं असं कलम नाही. तुम्ही ते एका फोनवर लावलंत.

तुमची एक काळजी मला पटते, ती नाकारत नाही. कुणीतरी दहा सेकंदांची क्लिप कापायची, खाली 'बघा महाराजांबद्दल काय बोलली' असं लिहायचं आणि गावभर फिरवायची, मग त्या पोराच्या घरासमोर घोळका. हे होऊ शकतं, आजकाल होतंच. पण त्याला उपाय विषय काढून टाकणं हा नाही. हॉलमध्ये मोबाईल बंद ठेवा (मोबाईलच्या शापावर इलाज पण होईल), समितीनं स्वतः पूर्ण रेकॉर्डिंग करावं आणि पूर्णच टाकावं, आणि आजच्या हयात माणसांवर वैयक्तिक टीका करायची नाही, केली की गुण कापणार, असा नियम करा. पोरं पाळतील. मोठ्यांपेक्षा जास्त पाळतील.

आणि पोरांना काय कळलं ते पण ऐका. मुलीनं मला विचारलं, 'पप्पा, मी तर बाजूनंच बोलणार होते, मग का नको?' मला उत्तर देता आलं नाही. बाजूनं बोलायला सुद्धा परवानगी लागते असं तिच्या डोक्यात बसलं तर उद्या ती कशाच्याच बाजूनं बोलणार नाही, खाली मान घालून मोबाईल बघत बसेल आणि तुम्ही परत स्पर्धा घ्याल, मोबाईल शाप की वरदान.

तर मागण्या अशा आहेत.

विषय कुणाच्या सांगण्यावरून आणि का बदलला हे समितीनं लेखी सांगावं. नाव सांगायची अडचण असेल तर कारण तरी सांगा, 'अपरिहार्य' सोडून.

ठरलेला विषय परत द्यावा. यंदाची स्पर्धा मोबाईलवर होणारच असेल तर होऊ दे, पण मूळ विषयावर वेगळी फेरी घ्या, निवडणुका झाल्यावर घ्या हवं तर, फक्त तारीख आत्ता जाहीर करा, 'बघू' नको. हॉलचं भाडं ही अडचण असेल तर आम्ही पालक वर्गणी काढतो, बॅनरचे पैसे मी घेणार नाही.

बाईंवर कुठलाही ठपका नाही हे समितीनं शाळेला लेखी कळवावं. ही मागणी बाकीच्या सगळ्यांच्या आधी पूर्ण करा, कारण विषय थांबू शकतो, माणसाची नोकरी थांबत नाही.

आणि इथून पुढं पत्रक गेल्यावर विषय बदलायचा झाला तर आधी शाळांच्या शिक्षकांची मीटिंग घ्यावी.

राजघराण्यातल्या कुणी परीक्षक म्हणून किंवा नुसतं ऐकायला येणार असतील तर त्यांना पण बोलवा, पोरांना आवडेल. माझ्या पोरीला तर फार आवडेल, ती त्यांच्याच बाजूनं बोलणार आहे. मुलगा थोडा घाबरेल, पण बोलेल.

उत्तर शाळांच्या त्याच ग्रुपवर द्या जिथं विषय बदलल्याचा मेसेज टाकला होता, आणि त्या दिवसापुरता ग्रुप सगळ्यांसाठी उघडा ठेवा. मला एकट्याला बोलावून चहा पाजून समजूत घालू नका, चहा मी पिईन पण पत्र मागं घेणार नाही.

आपला,
नववीतल्या एका मुलीचा बाप, फ्लेक्सवाला
सातारा